टोडच्या मूत्राशयपेशींवर सोडियमचं वहन कसं मोजावं: सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन वाढलं की शरीर सोडियम राखतं आणि रक्तदाब चढतो, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून आपण फळ्यावर बाण काढून शिकतो. तो बाण मायक्रोअँपिअरमध्ये मोजता येतो, आणि त्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. उभयचरांच्या पेशींचा एक थर, तो थर ज्यावर उभा राहील असा सच्छिद्र फिल्टर, एक मीटर आणि भरपूर सबुरी एवढ्यावर सुरुवात होते. सोलापुरात प्राणिशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या आणि पेशीसंवर्धनात नुकता हात घालणाऱ्या मुलामुलींसाठी मी हे लिहितो आहे. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो. हॉर्मोन टाकण्याचा दिवस हा या कामातला सगळ्यात सोपा दिवस. त्याआधीच्या आठवड्यात पेशी कशात बुडल्या होत्या आणि किती तापमानाला होत्या, निकाल त्यावरच ठरतो.

टोडच का?

टोड म्हणजे अंगावर खरखरीत गाठी असलेला, पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त राहणारा बेडूक. कोरड्या दिवसांत तो मूत्राशयाचा साठवणीसाठी उपयोग करतो. मूत्र पातळ असतं, आणि गरज पडेल तसं त्यातलं सोडियम आणि पाणी तो भिंतीतून परत रक्तात ओढून घेतो. माणसाच्या मूत्रपिंडातल्या नलिकांचा शेवटचा भाग, म्हणजे संग्राहक नलिका, हेच काम करतो. पण ती नलिका सूक्ष्म आणि हाताळायला अवघड, तर टोडचं मूत्राशय पातळ पापुद्र्यासारखं ताणता येतं. म्हणून एका प्राण्याच्या मूत्राशयाने दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचं कोडं सोडवायला मदत केली.

याचा पाया कोपनहेगनमध्ये घातला गेला. हान्स उस्सिंग आणि झेरान यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये बसवला. दोन्ही बाजूंना एकच द्रावण ठेवलं आणि बाहेरून विद्युतप्रवाह देऊन त्वचेवरचा व्होल्टेज शून्यावर आणला. आता आयनांना ढकलायला ना रासायनिक फरक उरला ना विजेचा. तरीही प्रवाह वाहत राहिला, आणि किरणोत्सारी सोडियम वापरून मोजल्यावर तो सोडियमच्या निव्वळ वहनाइतकाच निघाला. त्याला शॉर्ट-सर्किट करंट म्हणतात. १९५८ मध्ये अलेक्झांडर लीफ आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत टोडच्या मूत्राशयावर नेली. १९६१ मध्ये जीन क्राबे यांनी शरीराबाहेर काढलेल्या मूत्राशयावर अल्डोस्टेरॉन टाकून सोडियमचं वहन वाढतं हे दाखवलं. १९७९ मध्ये जोसेफ हँडलर आणि सहकाऱ्यांनी टोडच्या मूत्राशयाच्या पेशी संवर्धनात वाढवल्या. त्या नुसत्या जगल्या नाहीत, थर धरून सोडियमही वाहत राहिल्या आणि हॉर्मोनला प्रतिसादही देत राहिल्या. आपलं काम इथून सुरू होतं.

पेशीत काय चालतं

सोलापुरातल्या घरांची पाण्याची सोय डोळ्यासमोर आणा. नळ सुटला की पाणी आपोआप जमिनीखालच्या टाकीत उतरतं, आणि मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. पेशीची मूत्राकडची बाजू म्हणजे नळाची बाजू. तिथे ईनॅक नावाचे सोडियमचे मार्ग असतात. पेशीच्या आत सोडियम कमी आणि विद्युतभार ऋण, त्यामुळे मार्ग उघडा असला की सोडियम खर्चाशिवाय आत येतं. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. एटीपी खर्चून तो दर फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. सहसा काम अडतं ते नळावर. म्हणून हॉर्मोनचा पहिला हात ईनॅकवर पडतो.

दोन हॉर्मोन, दोन वेळा. व्हॅसोप्रेसिन (उभयचरांत त्याचा भाऊ व्हॅसोटोसिन) रक्ताच्या बाजूच्या रिसेप्टरला चिकटतं, पेशीत निरोप नेणारं सायक्लिक एएमपी वाढतं आणि काही मिनिटांत करंट चढतो. अल्डोस्टेरॉन पेशीत शिरून जनुकांवर काम करतं, त्यामुळे आधी पाऊण ते दीड तास काहीच दिसत नाही. मग पहिल्या तीनेक तासांत जुन्याच मार्गांची कामगिरी वाढते, आणि पुढे कित्येक तास नवे मार्ग आणि पंप तयार होत राहतात. एडेलमन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आरएनए बनणं रोखणारं अ‍ॅक्टिनोमायसिन वापरून या वाढीला आरएनएची निर्मिती लागते हे दाखवलं. ईनॅकचं जनुक मात्र १९९३-९४ मध्ये हाती आलं, लोझानमध्ये कानेसा आणि रोसिए यांच्या गटाच्या कामातून. त्याच सुमारास लिडल सिंड्रोम या आनुवंशिक उच्च रक्तदाबाचं मूळ याच ईनॅकच्या जनुकात सापडलं. आपल्या ताटलीतला थर आणि वॉर्डातला रक्तदाबाचा पेशंट यांच्यातलं अंतर खरोखर एवढंच आहे.

पेशी कुठून आणायच्या

पहिला पाऊस झाला की हिप्परग्याच्या तलावाकाठी बेडकांचा आवाज रात्रभर येतो. तिथून एखादा धरून आणण्याचा विचार मनातही आणू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि महाविद्यालयांतलं विच्छेदन बंद करत आणण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे निर्देश २०११ पासून आहेत. ताज्या मूत्राशयावर काम करायचंच असेल तर ते प्राण्यांवरील प्रयोगांची नैतिकता समिती, नोंदणीकृत प्राणिगृह आणि परवानगी या वाटेनेच होतं. नवशिक्याने तिकडे वळण्याची गरजही नाही.

हँडलर यांनी वाढवलेल्या मूत्राशयाच्या लाइन्स (संवर्धनात पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी) आज सहज मिळत नाहीत. व्यवहारात बहुतेक जण ए-६ ही लाइन वापरतात. ती आफ्रिकेतल्या झेनोपस लेव्हिस या बेडकाच्या मूत्रपिंडातून आलेली आहे आणि अमेरिकेतल्या एटीसीसी संग्रहात सीसीएल-१०२ या क्रमांकाने नोंदलेली आहे. पर्किन्स आणि हँडलर यांनी १९८१ मध्ये तिच्या वहनाचे गुण मांडले. अवयव मूत्रपिंड असला तरी वागणं टोडच्या मूत्राशयासारखंच: घट्ट थर, मोठा विद्युतरोध, ईनॅक बंद करणाऱ्या अमिलोराइड या औषधाने थांबणारं सोडियम आणि अल्डोस्टेरॉनला प्रतिसाद. अल्डोस्टेरॉनने लवकर वाढणारं एसजीके-१ हे जनुक १९९९ मध्ये याच पेशींत सापडलं. म्हणून माझा सल्ला असा की तत्त्व मूत्राशयावर शिका आणि हात ए-६ वर बसवा.

पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आणि तिथे पेशींचा संग्रह आहे. विभागप्रमुखांच्या सहीने आधी लेखी चौकशी करा. बाहेरून मागवायचं असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे कागद आधी पोचू द्या. आयातीला वेळ लागतो, आणि तोवर इन्क्युबेटर, पाणी आणि मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) यांची तयारी होते.

पुण्यातून वाढत्या पेशींचा फ्लास्क हाती आणायचा तर तो मीडियमने गळ्यापर्यंत भरा, म्हणजे हिंदकळून पेशी सुटणार नाहीत. झाकण घट्ट लावून वर पॅराफिल्म गुंडाळा आणि थर्माकोलच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात डब्यात एक थंड जेल पॅक घाला, पण तो फ्लास्कला टेकू देऊ नका, मध्ये कापडाची घडी असू द्या. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालात तर दुपारचं ऊन टळतं. या पेशींना थोडी थंडी चालते, उकाडा चालत नाही.

तापमान: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

पेशीसंवर्धनाची बहुतेक माहिती सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी लिहिलेली असते, त्यामुळे ३७ अंश हा आकडा हातात मुरलेला असतो. उभयचर शीतरक्ती असतात. त्यांच्या पेशी २६ ते २८ अंशांना सुखाने वाढतात, ३७ अंशांना त्या ताणाखाली येऊन मरू लागतात. युरोपातल्या प्रयोगशाळेत हे साधं असतं, कारण खोलीच वीस अंशांची असते आणि इन्क्युबेटरला थोडीशी उष्णता द्यावी लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. साध्या सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या) इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, खोलीपेक्षा थंड होता येत नाही. ३५ अंशांच्या खोलीत तो २७ अंश राखूच शकत नाही, मग त्याची किंमत कितीही असो.

म्हणून इथे बीओडी इन्क्युबेटर घ्या, ज्याला कॉम्प्रेसर असतो आणि जो तापवतोही, थंडही करतो. तो आपल्याकडच्या बहुतेक सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत पाणी तपासायला आधीच असतो. मात्र बुरशीच्या ताटल्या ठेवलेल्या बीओडीत पेशी ठेवू नका. वेगळा मिळत नसेल तर तो रिकामा करून, सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून, आठवडाभर फक्त तुमच्यासाठी राखून घ्या.

बाहेरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. रात्री वीज गेली तर ते त्यातून कळतं. इन्क्युबेटरला चांगला इन्व्हर्टर द्या. तो नसेल तर खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा. पाण्याची ऊष्माधारकता जास्त असल्याने दार बंद राहिलं तर तासभर तरी तापमान फारसं हलत नाही. वीज गेल्यावर दार उघडून बघण्याचा मोह मात्र टाळायला हवा.

मोजणीच्या टेबलाचंही तसंच. फिल्टर २७ अंशांतून काढून ३८ अंशांच्या खोलीत ठेवला तर पंपाचा वेग बदलतो आणि करंट हॉर्मोनशिवायच हलतो. मोजणीची खोली एसीने २५-२६ अंशांवर आणा, आणि खोली निवल्यावर एक तासाने काम सुरू करा. उन्हाळ्यात मी मोजण्या सकाळी लवकर लावायला सांगतो.

पाणी आणि मीडियम

बेडकाच्या शरीरातला द्रव आपल्यापेक्षा पातळ असतो. सस्तनांचा परासरण दाब सुमारे २९० मिलिऑस्मोल, यांचा २३० च्या आसपास. सस्तनांसाठीचं मीडियम जसंच्या तसं वापरलं तर पेशी आक्रसतात. त्यामुळे मीडियम पाण्याने पातळ करावं लागतं.

सीओटूची सोय नसलेल्या विभागांसाठी एल-१५ हे मीडियम उत्तम. त्याचा सामू अमिनो आम्लांवर सांभाळला जातो, त्यामुळे साध्या हवेत चालतं आणि बीओडी इन्क्युबेटर पुरतो. सत्तर भाग एल-१५, दहा भाग गर्भस्थ वासराचं सीरम आणि वीस भाग निर्जंतुक पाणी असं मिसळलं की साधारण २४० मिलिऑस्मोल होतं. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या प्रमाणात. फ्लास्कची झाकणं घट्ट ठेवा. एल-१५ चे फ्लास्क सीओटूच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवले तर मीडियम पिवळं पडतं, म्हणजे आम्लधर्मी होतं.

पाणी काचेच्या उपकरणातून दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं हवं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते साठवणीच्या टाकीत राहतं, आणि त्याचा जडपणा ऋतूप्रमाणे बदलतो. घरगुती आरओ फिल्टरमधलं पाणी मीडियमला वापरू नका. महाविद्यालयात ऑस्मोमीटर नसेल तर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात विचारा, तिथे लघवीसाठी तो असतो. एकदा मोजून घेतलं की पुढचं वर्षभर निश्चिंत.

बुरशीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. २७ अंश हे बुरशीचंही आवडतं तापमान, आणि पावसाळ्यात हवेत तिचे बीजाणू असतातच. साहजिकच हात अ‍ॅम्फोटेरिसिन-बी कडे जातो. ते टाकू नका. अ‍ॅम्फोटेरिसिन पटलात छिद्रं पाडतं, आणि टोडच्या मूत्राशयावर तेच मूत्राकडच्या बाजूने टाकलं की ईनॅकला वळसा घालून सोडियम आत शिरतं. १९६० च्या दशकापासून संशोधक ते मुद्दाम याच कामासाठी वापरत आले आहेत. म्हणजे ज्या औषधाने तुम्ही बुरशी रोखता तेच तुमची मोजणी खोटी करतं. बुरशीला उत्तर एकच, हुडात स्वच्छ हात: बाटल्यांची तोंडं ज्योतीवरून फिरवणं, पंखा बंद, दार बंद, आणि एका वेळी एकच माणूस.

वाढवणं आणि फिल्टरवर बसवणं

पेशी सावकाश वाढतात. मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदला. फ्लास्क भरला की कॅल्शियम नसलेल्या, पातळ केलेल्या फॉस्फेट सलाइनने दोनदा धुवा आणि तशाच पातळ केलेल्या ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवा. घट्ट थर असल्याने पेशी सुटायला वेळ घेतात. फ्लास्क आपटू नका. आपटल्याने पेशी गठ्ठ्यांनी सुटतात आणि पुढे फिल्टरवर थराऐवजी बेटं तयार होतात.

प्लॅस्टिकच्या तळावर या पेशी वाढतात, पण मोजणीच्या कामाच्या नसतात, कारण त्यांची रक्ताकडची बाजू तळाला चिकटून बंद असते. अन्न तिथूनच हवं, हॉर्मोन तिथूनच येतं, पंपही तिथेच. म्हणून सच्छिद्र फिल्टरचे इन्सर्ट लागतात. छिद्र ०.४ मायक्रॉनचं, वर कोलॅजनचा लेप. १२ मिलिमीटरच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर असतं. त्यात आत अर्धा मिली आणि बाहेर दीड मिली मीडियम बसतं. पेशी दाट टाका, दर चौरस सेंटिमीटरला दोन ते तीन लाख. विरळ टाकून वाढायची वाट पाहू नका.

मीडियम काढताना आधी बाहेरचं काढा, मग आतलं. भरताना आधी आतलं, मग बाहेरचं. असं केल्याने पेशींवरचा दाब नेहमी फिल्टरकडे राहतो. उलट केलं तर खालच्या द्रवाने थर उचलला जाऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली फिल्टर धूसर दिसतो, म्हणून थर पूर्ण झाला का हे रोध मोजून ठरवायचं. दहा ते चौदा दिवस लागतात. मधल्या दिवसांत रोध चढताना वहीत दिसायला लागतो, आणि एका चांगल्या बॅचमध्ये तो हजारो ओहम-चौरस सेंटिमीटरपर्यंत जातो. हजाराच्या खाली थांबलेले फिल्टर हॉर्मोनसाठी वापरू नका, ते सूक्ष्मदर्शकाच्या सरावाला ठेवा.

हॉर्मोनच्या आधीचे दिवस

सीरमच्या बाटलीत वासराची सगळी संप्रेरकं असतात. स्टेरॉइड्सही आणि इन्शुलिनही. या पेशींना वाढीच्या मीडियममध्ये ठेवून त्यातच अल्डोस्टेरॉन टाकलं तर बऱ्याचदा काही दिसत नाही, कारण त्या आधीच तृप्त असतात. म्हणून प्रयोगाच्या आधी दोन-तीन दिवस सीरमशिवायचं मीडियम द्या. सीरम हवंच असेल तर कोळशाने स्टेरॉइड काढून टाकलेलं घ्या. या दिवसांत करंट हळूहळू खाली येतो. नवखी मुलं तो उतरताना पाहून पेशी मरताहेत म्हणून घाबरतात. रोध टिकून असेल तर चिंता नाही, हा उतार हवाच. पुढचा चढ दिसण्यासाठी ती जागा मोकळी व्हावी लागते.

सीरम काढलं म्हणून इन्शुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियमचं तयार मिश्रण टाकण्याची अनेकांना सवय असते. त्यातलं इन्शुलिन स्वतःच या पेशींत सोडियमचं वहन वाढवतं. टाकलंत तर वहीत लिहा, नाही टाकलंत तर उत्तम.

आणि तुलनेसाठी सोबती फिल्टर ठेवा. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून बसवलेल्या बारा फिल्टरपैकी निम्म्यांना हॉर्मोन द्यायचं आणि निम्म्यांना फक्त द्रावक. वेगवेगळ्या बॅचची तुलना करून काढलेला निष्कर्ष मी वाचायलाही घेत नाही.

मोजणी

दोन मार्ग आहेत. पहिला स्वस्त: दोन काड्यांसारखे इलेक्ट्रोड असलेला एपिथेलियल व्होल्टमीटर. एक काडी आत, एक बाहेर, आणि व्होल्टेज व रोध वाचायचा. त्यावरून करंटचा अंदाज निघतो, आणि फिल्टर निर्जंतुक राहिल्याने त्याच फिल्टरवर दिवसागणिक मोजता येतं. दुसरा मार्ग उस्सिंग चेंबर (वर सांगितलेले दोन कप्पे) आणि व्होल्टेज शून्यावर धरणाऱ्या व्होल्टेज क्लँपचा. त्यात करंट सतत कागदावर उतरतो आणि मिनिटांतले बदल पकडले जातात. क्लँप महाग आहे, पण चेंबर अ‍ॅक्रिलिकचा असतो. चांगला लेथवाला आणि नीट काढलेलं चित्र असेल तर चेंबरचे दोन भाग इथल्या एमआयडीसीत बनवून घेता येतात. इलेक्ट्रोड चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे, आणि चेंबरशी जोडायला आगरचे पूल, म्हणजे क्षारयुक्त आगरने भरलेल्या नळ्या.

मोजणीचं द्रावण, म्हणजे बेडकासाठीचं रिंगर, स्वतःच करा. एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड ६.४३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२२, दोन पाण्याच्या रेणूंचं कॅल्शियम क्लोराइड ०.१५, सहा रेणूंचं मॅग्नेशियम क्लोराइड ०.१०, ग्लुकोज ०.९० आणि हेपेस १.१९ ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७.४ वर आणा. दाब २३० च्या आसपास येतो. दोन्ही बाजूंना हेच द्रावण.

क्रम असा. फिल्टर बसवा, अर्धा तास स्थिर होऊ द्या. क्लँप असेल तर दर मिनिटाला एक छोटा व्होल्टेज द्या, म्हणजे रोध सोबत मिळत राहतो. रेषा सपाट झाली की हॉर्मोन. अल्डोस्टेरॉनचं एक मिलिमोलर साठा-द्रावण इथेनॉलमध्ये करा: ३.६ मिलिग्रॅम, १० मिली. त्याचं दहा हजार पट पातळ केलं की १०० नॅनोमोलर मिळतं आणि अल्कोहोलही नगण्य राहतं. नंतर सहा तास हलू नका. पहिला तास सपाट जाणारच. त्या तासात हॉर्मोन खराब आहे असं ठरवून पुन्हा टाकणारे बरेच असतात, म्हणून घड्याळावर नजर ठेवा.

व्हॅसोप्रेसिन किंवा व्हॅसोटोसिन फक्त रक्ताच्या बाजूला टाका. मूत्राच्या बाजूने टाकलं तर काही होत नाही, आणि हीच सुंदर तपासणी आहे: दोन फिल्टर घ्या, एकाला खालून द्या, दुसऱ्याला वरून. थर घट्ट असेल तर दोघांची वागणूक वेगळी दिसते. ए-६ च्या काही उपलाइन्सचा व्हॅसोप्रेसिनला प्रतिसाद मंदावलेला असतो. म्हणून शेजारी फोर्स्कोलिन ठेवा, जे रिसेप्टरला बगल देऊन सायक्लिक एएमपी वाढवतं. फोर्स्कोलिनने करंट चढला आणि हॉर्मोनने नाही, तर पेशी ठीक आहेत आणि अडचण रिसेप्टरकडे आहे.

शेवटी मूत्राच्या बाजूला १० मायक्रोमोलर अमिलोराइड. ते ईनॅक बंद करतं, करंट एक-दोन मिनिटांत कोसळतो. जेवढा कोसळला तेवढाच सोडियमचा मानायचा, बाकीचा इतर आयनांचा किंवा गळतीचा. अमिलोराइडशिवाय संपवलेला प्रयोग अर्धवट. पंपाचा वाटा पाहायचा असेल तर एका वेगळ्या फिल्टरवर रक्ताच्या बाजूने पंप बंद करणारं उआबेन द्या. ते हृदयावर काम करणारं विष आहे, हातमोजे घालूनच.

आकडेमोड

समजा १२ मिलिमीटरच्या इन्सर्टवर मीटरने ३,७०० ओहम दाखवले. पेशी नसलेल्या, पण लेप आणि द्रावण असलेल्या फिल्टरचा रोध १३० ओहम. फरक ३,५७०. तो क्षेत्रफळाने गुणा: ३,५७० गुणिले १.१२, म्हणजे सुमारे ४,००० ओहम-चौरस सेंटिमीटर. इथे भागायचं नाही, गुणायचं. क्षेत्र वाढलं की रोध कमी होतो, म्हणून दोघांचा गुणाकार स्थिर राहतो. व्होल्टेज ४० मिलिव्होल्ट, मूत्राची बाजू ऋण. ४० भागिले ४,००० केलं की १० मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. आता अमिलोराइडनंतर व्होल्टेज २ मिलिव्होल्ट आणि रोध ८,००० झाला असेल तर उरलेला करंट ०.२५. सोडियमचा वाटा ९.७५.

याला सोडियममध्ये बदलायचं तर फॅरडेचा स्थिरांक: एक मायक्रोअँपिअर म्हणजे तासाला ३७.३ नॅनोइक्विव्हॅलंट. ९.७५ मायक्रोअँपिअर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमधून तासाला सुमारे ०.३६ मायक्रोइक्विव्हॅलंट सोडियम. हा आकडा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढताना फार आनंद होतो, कारण फळ्यावरच्या बाणाला एकक मिळालेलं असतं.

रोध आणि करंट नेहमी जोडीने पाहा. हॉर्मोननंतर करंट चढला आणि रोध थोडा उतरला तर ईनॅक उघडले असं म्हणता येतं. व्होल्टेज आणि रोध दोन्ही कोसळले तर थर फाटला. फक्त करंटचा तक्ता देऊन रोध वगळणाऱ्या अहवालावरून मला काहीच ठरवता येत नाही.

निष्कर्ष काढताना

ए-६ पेशींत अल्डोस्टेरॉनचा बराचसा परिणाम ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्गे होतो. म्हणून मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने परिणाम थांबला नाही तर अल्डोस्टेरॉन काम करत नाही असं लिहू नका. डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड दुसऱ्या फिल्टरवर देऊन तुलना करा. माणसाच्या संग्राहक नलिकेत मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर मुख्य, त्यामुळे बेडकातून थेट पेशंटवर उडी मारू नका. ईनॅक, पंप, सायक्लिक एएमपीचा झटपट चढ आणि अल्डोस्टेरॉनचा उशीर या गोष्टी मात्र निर्धास्तपणे मांडता येतात.

पेशी वारंवार उतरवत गेलं की त्यांचा स्वभाव बदलतो. रोध चढेनासा होतो, हॉर्मोनचा प्रतिसाद विरतो. म्हणून पहिल्याच महिन्यात भरपूर कुप्या गोठवा: दहा टक्के डीएमएसओ, सावकाश थंड करणं आणि मग द्रव नायट्रोजन. तो सोलापुरात दुर्मीळ नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी जिल्हाभर लागतो. कुपीवर पासेज क्रमांक (पेशी कितव्यांदा उतरवल्या), तारीख आणि मीडियमची बॅच न पुसणाऱ्या शाईने लिहा. दर काही महिन्यांनी मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसाठी डीएनएला चिकटणारा रंग देऊन तपासा. संसर्ग असलेला फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून टाकून द्या, औषधं देऊन वाचवत बसू नका. आणि नव्या कुपीच्या पहिल्या फिल्टरांवर हॉर्मोन न देता फक्त रोध आणि अमिलोराइड मोजा. जुन्या आकड्यांशी ते जुळले तरच पुढचे फिल्टर अल्डोस्टेरॉनसाठी बसवा.